कोलमन हॉकिन्सच्या पूर्ण कारकिर्दीचा संच: काय निवडावं, कसं जोडावं, कुठे फसगत होते

प्रश्न असा आहे: टेनर सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सची सुरुवातीपासून शेवटापर्यंतची कारकीर्द एका संचात ऐकायची असेल, तर बाजारातला तयार संच घ्यावा की स्वतः निवडून जोडावा? आणि स्ट्रीमिंगवर एकाच चिजेची पाच-सहा ध्वनिमुद्रणं दिसतात, त्यांतलं हवं ते कसं ओळखावं?

स्वतः जोडा. तीन सीडींत मावेल एवढा, म्हणजे साडेतीन ते पावणेचार तासांचा. तयार संचांत उत्तम काम झालेलं आहे, पण त्यांतला एकही संच पूर्ण हॉकिन्स दाखवत नाही. याचं कारण संगीताशी संबंधित नाही, ते मालकीशी संबंधित आहे.

हॉकिन्स एका कंपनीशी फार काळ बांधलेला कधीच नव्हता. आज व्हिक्टर, ब्लूबर्ड आणि कोलंबियाचं काम सोनीकडे आहे. व्हर्व्ह, इम्पल्स आणि कीनोट युनिव्हर्सलकडे, प्रेस्टिज आणि रिव्हरसाइड कॉनकॉर्डकडे, आणि अपोलोसाठी 1944 साली केलेलं फार महत्त्वाचं काम शिकागोच्या डेलमार्कने सीडीवर आणलं. आता आरसीएच्या (व्हिक्टर आणि ब्लूबर्ड ही तिचीच लेबलं) ब्लूबर्ड मालिकेतला दोन सीडींचा संच पाहा. त्यावर ‘1929-1963’ अशी वर्षं आहेत. वाचणाऱ्याला वाटतं, ही हॉकिन्सची कारकीर्द. प्रत्यक्षात 1929 म्हणजे व्हिक्टरच्या तबकडीवरचं त्याचं पहिलं गाजलेलं सोलो आणि 1963 म्हणजे आरसीएसाठी तरुण टेनरवादक सनी रॉलिन्सबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण. हॉकिन्स 1922 पासून तबकड्यांवर आहे आणि 1966 च्या डिसेंबरातही स्टुडिओत होता. पाकिटावरची वर्षं बहुतेक वेळा कंपनीच्या कपाटाची असतात. कुठलाही ‘संपूर्ण कारकीर्द’ म्हणवणारा संच हातात आला की आधी हे तपासा.

जुनं जॅझ नव्याने काढणाऱ्या मोझेक कंपनीने 2012 साली काढलेला आठ सीडींचा 1922-1947 चा संच पहिल्या पंचवीस वर्षांसाठी सर्वात नीट आहे. तारखा, वादक, टेक (एका चिजेचा एकेक मुद्रित प्रयत्न) सगळं काटेकोर. पण त्यात अपोलो नाही आणि 1947 नंतरचं काहीच नाही. शिवाय तो मर्यादित प्रतींचा होता, त्यामुळे आता जुन्या प्रतींच्या बाजारातच मिळतो. युरोपातल्या स्वस्त चार-चार सीडींच्या डब्यांत मालकीची अडचण नसते, कारण तिथे जुन्या ध्वनिमुद्रणांचं संरक्षण केव्हाच संपलं. त्यामुळे निवड मोकळी असते, पण आवाज कुठून उचलला याचा पत्ता नसतो. बऱ्याचदा दुसऱ्या कुणाच्या सीडीवरून उतरवून त्यावर आणखी एकदा खरखर काढलेली असते.

स्वतः जोडताना मुख्य अडचण वेगळीच आहे. हॉकिन्सचा जन्म 1904 चा, मिझुरीतल्या सेंट जोसेफचा, मृत्यू 1969 चा, न्यूयॉर्कमध्ये. या कारकिर्दीत ध्वनिमुद्रणाचं तंत्र तीनदा बदललं: आधी भोंगा (त्यात वाजवायचं, आवाजाच्या जोरावरच तबकडी कोरली जायची), मग मायक्रोफोन, मग टेप, मग स्टिरिओ. आणि तो स्वतःही तितक्याच वेळा बदलला. संच सलग ऐकताना हे दोन्ही बदल एकमेकांत मिसळून कानावर येतात. 1923 चा हॉकिन्स टणक आणि कोरडा वाटतो. त्यातला किती भाग त्याच्या जिभेचा आणि किती भोंग्याचा? 1944 चा खरखरीत वाटतो, तो तसा वाजवत होता की तबकडीच खराब होती? ऐकू येणारा फरक माणसाचा राहावा आणि यंत्राचा शक्य तितका कमी व्हावा, या एकाच हेतूने निवड, क्रम, वेग, साफसफाई सगळं ठरवावं.

म्हणून संचाचा कणा तीन जोड्यांवर उभा करा. एकच चीज, दोन वेगळी वर्षं. ‘क्रेझी ऱ्हिदम’: एप्रिल 1937, पॅरिस, आणि डिसेंबर 1943, न्यूयॉर्क. ‘बॉडी अँड सोल’: ऑक्टोबर 1939, आणि त्याच स्वररचनेवर बांधलेली ‘रेनबो मिस्ट’, फेब्रुवारी 1944. ‘यस्टरडेज’: पुन्हा फेब्रुवारी 1944, आणि जुलै 1963, सनी रॉलिन्सबरोबर. सांगाडा तोच असल्यामुळे काय बदललं ते कानाला लगेच कळतं. बाकीची निवड या सहांच्या भोवती भरत न्यावी.

पहिली सीडी 1923 ते 1939. दहा इंची तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांपलीकडे सहसा जात नाही, त्यामुळे चोवीस-पंचवीस चिजा सहज बसतात. सुरुवात फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदाच्या ‘डिक्टी ब्लूज’ने करा, ऑगस्ट 1923. जीभ रीडवर, म्हणजे तोंडाशी असलेल्या वेताच्या पातळ पट्टीवर, आपटून काढलेला ठोक्यासारखा आवाज, ज्याला स्लॅप टंग म्हणतात, इथे ऐकू येतो. त्या काळी टेनर सॅक्सोफोनकडून लोकांना एवढंच अपेक्षित होतं. भोंग्याच्या काळातल्या दोन चिजा पुरे. त्यानंतर थेट मे 1926 मधल्या ‘द स्टँपीड’वर या. मायक्रोफोन आलेला आहे, आणि हॉकिन्सचं सोलो आता स्वतःच्या पायावर उभं आहे.

नोव्हेंबर 1929 चं ‘वन अवर’ वगळू नका. माउंड सिटी ब्लू ब्लोअर्स नावाचा गोऱ्या-काळ्या वादकांचा मिश्र गट, त्यात ट्राँबोनवर ग्लेन मिलर आणि क्लॅरिनेटवर पी वी रसेल. टेनरवर संथ चीज इतक्या मोकळेपणाने याआधी कुणी वाजवलेली नाही. एक सूचना इथे हवी. रेड मॅकेंझी या तबकडीवर कंगव्याला कागद लावून वाजवतो, त्याची गुणगुण तबकडीच्या खरखरीसारखी भासते. आपोआप चालणारं खरखर काढायचं सॉफ्टवेअर हमखास तिच्यावर तुटून पडतं. या चिजेला हातानेच साफ करा.

1933 मधल्या हेंडरसनच्या दोन चिजा घ्या: ‘क्वीअर नोशन्स’ ही हॉकिन्सची स्वतःची रचना, सगळे स्वर पूर्ण स्वराच्या अंतरावर ठेवून बांधलेली, आणि ‘इट्स द टॉक ऑफ द टाउन’. मग युरोप. 1934 ते 1939 तो इंग्लंड, हॉलंड, फ्रान्समध्ये होता. रॅम्बलर्स या डच वाद्यवृंदाबरोबरच्या दोन-तीन चिजा आणि 28 एप्रिल 1937 ची पॅरिसची ध्वनिमुद्रणाची बैठक. सॅक्सोफोनवर बेनी कार्टर, गिटारवर जँगो राइनहार्ट आणि पियानोवर, हो पियानोवर, स्तेफान ग्रापेली. ‘क्रेझी ऱ्हिदम’मध्ये चार सॅक्सोफोन एकामागून एक येतात. हॉकिन्स शेवटी येतो, त्याचा कोरस (गाण्याच्या सांगाड्याचं एक पूर्ण आवर्तन) संपतो, पाठीमागून ‘चालू दे’ असा पुकारा ऐकू येतो आणि तो दुसरा कोरस घेतो. साफसफाई करताना तो पुकारा पुसला गेला तर समजा, साफसफाई जास्त झाली.

पहिल्या सीडीचा शेवट 11 ऑक्टोबर 1939 च्या ‘बॉडी अँड सोल’ने. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त घोळ याच चिजेचा होतो.

मूळ ध्वनिमुद्रण ब्लूबर्डचं, तीन मिनिटांचं. पट्टी डी फ्लॅट, म्हणजे पेटीवरची काळी एक. जीन रॉजर्स पियानोवर चार बारची (एक बार म्हणजे चार मात्रा) सुरुवात करतो आणि हॉकिन्स आत येतो. 32 बारची दोन आवर्तनं, मध्ये कुणीही नाही. मूळ गाण्याची चाल पहिल्या काही बारांत पुसटशी दिसते आणि नंतर पूर्ण सुटते. पुढे सगळं स्वरसंघातांच्या, म्हणजे कॉर्डच्या, आधाराने रचत नेलेलं आहे. आठ-आठ बारच्या चार ओळींतली तिसरी अर्ध्या स्वराने वर जाते, काळी एकवरून पांढरी दोनवर. तिथे हॉकिन्स दर दोन-दोन मात्रांना नवा संघात पकडून पायऱ्या चढावा तसा जातो. दुसऱ्या आवर्तनात पाठीमागे बाकीचे वादक लांब सूर धरतात, आणि सगळ्यात वरचा, सगळ्यात मोठा आवाज शेवटच्या आठ बारांत येतो.

आता तबकडीचा भाग. 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या, तबकडीवर चीज बाहेरून आत जाते. आत घेरा लहान, त्यामुळे सुईखालून प्रति सेकंदाला कमी लांबीची खोबण जाते, वरचे सूर तिथे दाटीने कोरलेले असतात आणि पोलादी सुयांनी तीच जागा सर्वात जास्त झिजलेली असते. म्हणजे हॉकिन्सचा आवाज जिथे सर्वात मोठा, नेमकी तिथेच तबकडी सर्वात कमकुवत. या चिजेची आवृत्ती निवडताना सुरुवात ऐकू नका. शेवटची चाळीस सेकंदं ऐका. वरचे सूर फाटत असतील तर दुसरी आवृत्ती शोधा. कितीही मऊ गाळणी लावली तरी ते फाटणं जात नाही.

आणि नावावर विसंबू नका. 1956 साली आरसीएनेच त्याच्याकडून मोठ्या वाद्यवृंदासह ‘बॉडी अँड सोल’ पुन्हा वाजवून घेतली. स्ट्रीमिंगवर ती आणि 1939 ची एकाच नावाने, कधी एकाच मुखपृष्ठाखाली असते. नावापुढे दिसणारं वर्ष हे त्या सीडीचं किंवा नव्या मास्टरिंगचं असतं, मुद्रणाचं नसतं. ओळख सोपी आहे: एकट्या पियानोने चार बार, लगेच टेनर, तीन मिनिटांत सगळं संपलेलं, मग ती 1939 ची. मोठा वाद्यवृंद ऐकू आला की पुढे चला. असाच गोंधळ ‘स्टँपीड’चा होतो. 1945 ची ‘हॉलिवूड स्टँपीड’ ही 1926 च्या चिजेची नवी आवृत्ती नाही, ती ‘स्वीट जॉर्जिया ब्राउन’च्या सांगाड्यावरची वेगळी रचना आहे.

दुसरी सीडी 1940 ते 1949 ची. तयार संचांत सर्वात जास्त अन्याय याच काळावर होतो, आणि माझ्या मते हीच सीडी सर्वात मोलाची आहे. ‘बॉडी अँड सोल’वर थांबणारा संच हॉकिन्सला जुन्या पिढीचा महापुरुष करून टाकतो. प्रत्यक्षात चाळिशीला टेकलेला हा माणूस विशी-पंचविशीतल्या पोरांना कामावर घेत होता, जेव्हा त्यांना फारसं कुणी घेत नव्हतं. फेब्रुवारी 1944 च्या अपोलोच्या बैठकींत ट्रंपेटवर डिझी गिलेस्पी, बासवर ऑस्कर पेटिफोर्ड आणि ड्रमवर मॅक्स रोच आहेत, ‘वुडी’न यू’ तिथलीच. बीबॉपचं, म्हणजे त्या तरुणांच्या नव्या शैलीच्या जॅझचं, पहिलं स्टुडिओ-मुद्रण म्हणून याच बैठकींकडे बोट दाखवलं जातं. त्याच वर्षी 19 ऑक्टोबरला जो डेव्हिसच्या लेबलसाठी चार चिजा झाल्या, पियानोवर थेलोनियस मंक. मंकने स्टुडिओत केलेलं हे पहिलं काम. ‘ऑन द बीन’ आणि ‘फ्लाइंग हॉक’ दोन्ही घ्या. 1946 च्या डिसेंबरात फॅट्स नव्हारो, जे. जे. जॉन्सन आणि मिल्ट जॅक्सनबरोबरची ‘बीन अँड द बॉइज’ आणि मंकची ‘आय मीन यू’.

याच सीडीत 23 डिसेंबर 1943 ची सिग्नेचर लेबलची बैठक हवी. पियानोवर एडी हेवूड, बासवर पेटिफोर्ड, ड्रमवर शेली मॅन आणि हॉकिन्स, फक्त चौघं. ‘द मॅन आय लव्ह’ बारा इंची तबकडीवर आहे, पाच मिनिटांहून जास्त, म्हणून हॉकिन्सला दम घ्यायला जागा मिळते. पेटिफोर्डच्या बासच्या सोलोत त्याचा जोरात घेतलेला श्वास स्पष्ट ऐकू येतो. जुन्या तबकड्या साफ करणाऱ्यांची ही ठरलेली परीक्षा आहे: श्वास राहिला पाहिजे, खरखर गेली पाहिजे.

ही खरखर इतकी का, याचं उत्तर अर्धं भारतात आहे. 78 च्या तबकड्या लाखेपासून बनत आणि जगाची बहुतेक लाख भारतातून जायची. युद्धात जहाजवाहतूक अडली आणि एप्रिल 1942 मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेच्या वापरावर मोठी कपात लादली. जुन्या तबकड्या गोळा करून, दळून, तोच माल पुन्हा वापरला जाऊ लागला. त्याच वर्षी 1 ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. मोठ्यांपैकी डेक्काने सप्टेंबर 1943 मध्ये समझोता केला, व्हिक्टर आणि कोलंबिया नोव्हेंबर 1944 पर्यंत अडून राहिल्या. मधल्या काळात समझोता करणारी छोटी लेबलं पुढे आली, आणि त्यांच्याकडे माल हलका. म्हणून हॉकिन्सचं सर्वात धाडसी काम सर्वात वाईट तबकड्यांवर आहे. ऐकणाऱ्याने हे मनात ठेवलं नाही तर त्याला वाटतं, 1939 नंतर हॉकिन्सचा आवाज बिघडला.

दुसऱ्या सीडीच्या शेवटी ‘पिकासो’. सव्वातीन मिनिटं, एकटा टेनर, साथीला कुणीही नाही, ताल धरायलाही नाही. निर्माता नॉर्मन ग्रँझने ‘द जॅझ सीन’ नावाच्या पाच हजार प्रतींच्या संचात 1949 साली ती काढली. या चिजेला ताल नाही असं समजून लोक पुढे जातात. आधीच्या दोन सीडी ऐकल्यावर मात्र त्यात ‘बॉडी अँड सोल’चीच संघातांवरून चालायची पद्धत ऐकू येते, फक्त आधार काढून घेतलेला.

1950 ते 1956 वर फार जागा घालवू नका. काम भरपूर आहे, पण बरंचसं दुसऱ्यांच्या आग्रहाने केलेलं.

तिसरी सीडी 1957 पासून. इथे एकेक चीज पाच ते आठ मिनिटांची, त्यामुळे अकरा-बाराच बसतील. मंकच्या ‘मंक्स म्युझिक’मधली ‘रुबी, माय डियर’ घ्या, जून 1957. त्या बैठकीत कोलट्रेनही होता, पण या चिजेत टेनर एकटा हॉकिन्सचा. 16 ऑक्टोबर 1957 च्या बेन वेब्स्टरबरोबरच्या बैठकीतली ‘ब्लूज फॉर योलांड’ किंवा ‘ला रोसिता’. दोन टेनर एकत्र आले की कोण कुठला, हा प्रश्न येतोच. वेब्स्टर थोडे सूर घेतो आणि सुराच्या शेवटी नुसती हवा सोडतो, सूर संपल्यावरही श्वास ऐकू येत राहतो. हॉकिन्स सुराला धार देतो आणि संघात फोडून वरखाली जातो. 1960 ची मॅक्स रोचची ‘ड्रायव्हा मॅन’, गुलामगिरीवरची, पाच मात्रांच्या ठेक्यातली. हॉकिन्सच्या सोलोत रीड एकदा किंचाळते. ती टेपची चूक नाही आणि ती कापायची नाही. हॉकिन्सनेच ती राहू द्यायला सांगितली होती. अशा विषयावरची चीज निर्दोष झाली तर तिच्यातच काहीतरी खोटं असतं, असं त्याचं म्हणणं. 18 ऑगस्ट 1962 च्या ड्यूक एलिंग्टनबरोबरच्या बैठकीतली ‘सेल्फ पोर्ट्रेट ऑफ द बीन’, त्याच महिन्यातली न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट क्लबमधली एखादी लांब चीज, मग 1963 ची ‘यस्टरडेज’. रॉलिन्स मुद्दाम वाकडे, तुटक सूर काढतो, पॉल ब्ले पियानोवर आणखी सैल करतो, आणि अठ्ठावन्न वर्षांचा हॉकिन्स ठाम उभा राहतो. शेवटी डिसेंबर 1966 च्या ‘सिरियस’मधलं एक बॅलड, म्हणजे संथ चीज. दम कमी झालेला आहे, ओळी आखूड झाल्या आहेत. एकच घ्या, पण घ्या. ते वगळलं तर माणूस अर्धवट राहतो.

आता वेग. ‘78’ हा आकडा 1925 पूर्वीच्या तबकड्यांसाठी नुसता अंदाज आहे. 80 फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी 78 वर वाजवली की सूर सुमारे 44 सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर) उतरतो, जवळपास पाव स्वर. काळी एकची चीज मग काळी एक आणि पांढरी एकच्या मध्ये लटकते. पियानोला पेटी लावून बघा. सूर दोन पट्ट्यांच्या अधेमधे पडत असेल तर वेग चुकलाय. दुसरी कसोटी वाद्याची: टेनर सॅक्सोफोनचा सर्वात खालचा सूर खर्जातली काळी चार आहे, सुमारे 104 हर्ट्झ. त्याखालचा सूर टेनरवर ऐकू आला तर वेग कमी आहे. फक्त हेंडरसनच्या सुरुवातीच्या काळात हॉकिन्स बास सॅक्सोफोनही वाजवत होता, तेवढं लक्षात ठेवा. 1930 नंतर अमेरिकन यंत्रं 78.26 वर आणि युरोपातली 77.92 वर स्थिरावली. हा फरक सात-आठ सेंटचा, पॅरिसच्या चिजांसाठी हवा तर साधा, नाहीतर सोडून द्या.

तबकडीचं भोक मध्यावर नसेल तर सूर डुलतो, दर 0.77 सेकंदाला एकदा. हॉकिन्सचा व्हायब्रेटो, म्हणजे सुरातला कंप, याच्या कितीतरी पट जलद. सूर डुलतोय अशी शंका आली तर टेनर सोडून पियानोचा लांब सूर ऐका. पियानोला व्हायब्रेटो नसतो, तो डुलला तर दोष भोकाचा.

स्वतः तबकड्या उतरवणार असाल तर सुई महत्त्वाची. 78 साठी साधारण 75 मायक्रॉनची, मोनो एलपीला 25, स्टिरिओला 18. एलपीची सुई 78 वर लावली तर ती खोबणीच्या तळाशी घासत जाते आणि तळात फक्त धूळ आणि आवाज असतो. 65 ते 90 मायक्रॉनच्या दोन-तीन सुया जवळ ठेवा, कारण झिजलेल्या तबकडीत कधी मोठी, कधी छोटी सुई न झिजलेल्या भिंतीला टेकते. स्टिरिओ कार्ट्रिजने उतरवून दोन्ही वाहिन्या एक करा, म्हणजे सुईच्या वर-खाली हालचालीचा आवाज निघून जातो. फोनो प्रीअँपमधली नेहमीची आरआयएए दुरुस्ती (वरच्या-खालच्या सुरांचा तोल ठरावीक मापाने परत आणणारी) 1954 नंतरच्या तबकड्यांसाठी आहे. ती 78 ला लावली तर वरचे सूर दबून टेनर घुसमटतो. 78 सपाट, म्हणजे कुठलीही दुरुस्ती न लावता, उतरवा आणि खालच्या सुरांची दुरुस्ती नंतर करा. भोंग्याच्या काळातल्या तबकड्यांना ती बहुधा लागतच नाही.

लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश, खोबणीच्या दिशेने, मग स्वच्छ पाणी आणि लगेच टिपून घ्या. लेबल भिजू देऊ नका. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत कागदी पाकिटांवर बुरशी धरते, म्हणून धुतलेली तबकडी जुन्या पाकिटात परत घालू नका, आणि तबकड्या उभ्या ठेवा. चोर बाजारात जुनी जॅझ हाती लागली तर लेबल पाहण्याआधी तिरप्या उजेडात खोबणी पाहा. काळ्या आणि चकचकीत असतील तर घ्या. करड्या दिसत असतील तर सुयांनी भिंती खाल्लेल्या आहेत.

साफसफाईचा क्रम ठरलेला: आधी ठोके, मग बारीक तडतड, मग वरच्या-खालच्या सुरांची दुरुस्ती, आणि अगदी शेवटी सलग सूसू. ती 3 ते 6 डेसिबलहून जास्त काढू नका. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘काय काढलं तेवढंच ऐकवा’ अशी सोय असते, ती चालू करा. काढलेल्या कचऱ्यात सॅक्सोफोनची ओळ ओळखू येत असेल, तर कचऱ्याबरोबर तुम्ही हॉकिन्सही बाहेर टाकताय. त्याच्या सुरातली हवा आणि रीडची चरचर खरखरीच्याच पट्ट्यात असते, आणि तीच त्याची ओळख. 1960 च्या दशकात जुन्या मोनो चिजा ‘इलेक्ट्रॉनिक स्टिरिओ’ म्हणून विकल्या गेल्या, त्या टाळा. दोन्ही बाजूंना वेगळी गाळणी आणि थोडा उशीर लावलेला असतो. एकत्र केल्या की काही सूर एकमेकांना खातात, त्यामुळे त्यांच्यातून खरा मोनो परत मिळत नाही.

आवाजाची पातळी जुळवताना आपोआप मोजणाऱ्या आकड्यावर अवलंबून राहू नका. 1926 च्या चिजेत खरखर हाच आवाजाचा मोठा भाग असतो, आकडा तीही मोजतो आणि चीज हळू करून टाकतो. प्रत्येक चिजेतला टेनरच्या सोलोचा मधला भाग घ्या आणि तो कानाने सारख्या अंतरावर आणा. 1923 चा आवाज 1962 सारखा भरदार करायला मात्र जाऊ नका. खालचे सूर मुळात नसतील तर वाढवून फक्त गुरगुर वाढते.

संच घरी ऐकायचा असेल तर एवढं पुरे. कुठे प्रसिद्ध करणार असाल तर भारतात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं असतं. पण मूळ चालीचा हक्क वेगळा. ‘बॉडी अँड सोल’चा संगीतकार जॉनी ग्रीन 1989 साली वारला, म्हणजे मुद्रण मोकळं असलं तरी चाल भारतात अजून बरीच वर्षं मोकळी नाही. अमेरिकेत 1923 ते 1946 च्या मुद्रणांना शंभर वर्षं आहेत, त्यामुळे तिथल्या ऐकणाऱ्यांसाठी ऑनलाइन ठेवताना वर्षं एकेक करून तपासा.

फाइलींना नाव देताना मुद्रणाची तारीख सर्वात आधी लिहा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मग लेबल, मॅट्रिक्स क्रमांक (तबकडीच्या मध्याशी कोरलेला मुद्रणाचा क्रमांक) आणि टेक, मग चिजेचं नाव. एकाच चिजेचे दोन टेक असतील तर फरक तिथेच कळतो, आणि कुठल्याही उपकरणावर संच आपोआप कालक्रमाने लागतो.